पाटीवर वजन किती लिहायचं? इसिसॉरस प्रकल्पाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

वाचनालयाच्या बालविभागात २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, एक डायनोसॉर उभा करायचा ठरलं. प्रतिकृती १:४० प्रमाणात, शेजारी पाटी. ग्रंथपाल सुनंदाताईंची अट एकच: टी-रेक्स नको, तो पोरांच्या दप्तरावरही असतो, आपल्या मातीतला आणा. मी इसिसॉरस हा लांब मानेच्या गटातला, पाला खाणारा डायनोसॉर सुचवला, तो वाद न होता पास झाला.

आपल्या मातीतला म्हणजे चंद्रपूरचा. आमच्या सोलापूरच्या पायाखाली लाव्हाचे थर आहेत, त्यात हाडं मिळायची नाहीत. ती मिळतात लाव्हाच्या खालच्या किंवा दोन थरांमधल्या गाळात, आणि तो गाळ इथे खोल गाडला गेलाय. विदर्भाकडे लाव्हाची चादर विरत जाते तिथे खालचा लॅमेटा गाळ उघडा पडतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्रज्ञांनी हा सांगाडा खणून काढला. १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन टायटॅनोसॉरस कोल्बर्टी या नावानं छापलं. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी त्याला वेगळी प्रजाती ठरवलं, आणि संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो इसिसॉरस झाला.

पाटीचे रकाने: नाव, काळ, ठिकाण, अन्न, लांबी, वजन. पहिले चार लगेच भरले.

काम करणारे: अंबिका, श्रीनिवास, साहिल (तिघंही नववीत) आणि मी. माझं आयुष्य जेकार्ड चादरींच्या नक्षीचे ग्राफ भरण्यात गेलं, त्यामुळे मोजपट्टी आणि चौकटीचा कागद माझ्याकडे.

१३ नोव्हेंबर

साहिलनं इसिसॉरसचा नेहमीचा आकडा आणला: १८ मीटर, १५ टन. कुणी, कशावरून काढला, ते सोबत कुठेच नाही. म्हणून म्हटलं, आधी ज्याचा सांगाडा चांगला मिळालाय आणि ज्याचं वजन अनेकांनी काढलंय, असा एक प्राणी बघू.

तो निघाला बर्लिनच्या संग्रहालयातला जिराफेटायटन, लांब मानेचाच डायनोसॉर. जुन्या पुस्तकांत त्यालाच ब्रॅकिओसॉरस म्हटलेलं असतं. टांझानियातल्या तेंडागुरूहून १९०९ ते १९१३ या काळात हाडं निघाली, १९३७ मध्ये सांगाडा उभा राहिला, उंची १३ मीटरच्या वर. आता या एका जनावराची वजनं बघा. १९६२ मध्ये कोल्बर्टनं ७८ टन म्हटलं. १९८५ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २९. त्याच सुमाराला अलेक्झांडरनं साधारण ४७. १९८८ मध्ये पॉलनं ३१.५. १९९५ मध्ये गुंगा यांच्या गटानं लेसरनं सांगाडा मोजून ७४ टन काढलं, आणि २००८ मध्ये त्याच गटानं ते ३८ वर आणलं. २००९ मध्ये टेलरनं २३.३, २०१२ मध्ये सेलर्स आणि सहकाऱ्यांनी २३.२.

हाडं तीच. श्रीनिवास म्हणाला, "काका, मग मधला आकडा घेऊन टाकू." मी नाही म्हणालो. ७८ आणि २३ यांच्या मधोमध ५० च्या आसपास येतं, आणि आज त्या विषयातलं कुणी ५० म्हणत नाही. हे आकडे एकाच काट्यावरच्या वेगवेगळ्या खेपा नाहीत. प्रत्येकाचा काटाच वेगळा आहे, आणि तो काटा कसा चालतो हे कळल्याशिवाय त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही.

एक गंमत: आपल्या इसिसॉरसच्या नावातला कोल्बर्टी ज्यांच्या सन्मानार्थ आहे, तेच हे ७८ टनवाले एडविन कोल्बर्ट.

१५ नोव्हेंबर

छोटी नोंद, पण पुढे डोकं खाईल. टन तीन प्रकारचे: आपला १००० किलोचा, अमेरिकेचा ९०७ चा, जुना ब्रिटिश १०१६ चा. कोल्बर्टचे ७८ टन अमेरिकी टनांत मांडले की ८६ होतात, आणि मग कुणीतरी ८६ उचलून आपल्या टनांत छापतो. वहीत इथून पुढे १००० किलोचाच टन.

१९ नोव्हेंबर

काटा पहिला: हाडाचा घेर.

चार पायांवर चालणाऱ्या जनावराचं सगळं वजन शेवटी पायांच्या हाडांतून जमिनीत उतरतं. म्हणून पुढच्या पायाचं दंडाचं हाड आणि मागच्या पायाचं मांडीचं हाड, दोन्ही जिथे सगळ्यांत बारीक असतात तिथला घेर घ्यायचा आणि बेरीज करायची. हाडाची लांबी फसवते, कारण उंच सडपातळ जनावराचंही हाड लांबच असतं. घेर सहसा भारानुसार वाढतो.

अँडरसन, हॉल-मार्टिन आणि रसेल यांनी १९८५ मध्ये जिवंत प्राण्यांची मापं घेऊन सूत्र बसवलं: घेरांची बेरीज मिलिमीटरमध्ये, तिचा २.७३ वा घात, गुणिले ०.०७८, उत्तर ग्रॅममध्ये. २०१२ मध्ये कॅम्पिओनी आणि इव्हान्स यांनी दोनशेहून अधिक सस्तन आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर ते नव्यानं बसवलं. त्यांचा घात २.७४९. हत्तीपासून सरड्यापर्यंत एकाच रेषेच्या आसपास सगळे येतात, हे मला भारी वाटलं. पण त्या रेषेपासून प्राणी सरासरी २५ टक्के इकडेतिकडे असतात, हेही त्यांनीच लिहिलंय. वर्तमानपत्रात येताना नेमकं हेच वाक्य गळतं.

२३ नोव्हेंबर

सूत्र डायनोसॉरवर लावण्याआधी ज्याचं वजन माहीत आहे अशा जनावरावर लावून बघायचं ठरलं. साहिलच्या मामूंचं मटणाचं दुकान आहे. उस्मानाबादी बकरा, सकाळी काट्यावर ३१ किलो. मामूंनी दंडाचं आणि मांडीचं हाड न तोडता बाजूला ठेवलं. ("रस्सा होत नाही आता त्याचा, एवढं लक्षात ठेवा.") हाडं उकळून साफ केली, दोरा गुंडाळून घेर घेतला: ४९ आणि ५१ मिलिमीटर. बेरीज १००. याहून सोपी बेरीज मागून मिळाली नसती.

नव्या सूत्रानं २४.८ किलो. जुन्या सूत्रानं २२.५. काट्यावर ३१. म्हणजे नवं सूत्र २० टक्के खाली आलं, त्यांनी सांगितलेल्या चुकीच्या आत.

मग अंबिकानं विचारलं, दोरा थोडा सैल असता तर? दोन्हीकडे २-२ मिलिमीटर वाढवून बघितलं, बेरीज १०४. वजन २७.६ किलो. घेरात ४ टक्के फरक, वजनात ११ टक्के. घात जवळजवळ तीनचा असल्यावर असंच होणार. दगड झालेल्या हाडाला तडे असतात, ते दबलेलं असतं, कुठे प्लास्टरनं भरलेलं असतं. तिथे ४ टक्के म्हणजे काहीच नाही.

मामूंनी वर आणखी एक मुद्दा टाकला. बकरा चरून, पाणी पिऊन आला की एक-दीड किलो जास्त भरतो, म्हणून ते उपाशीपोटीच तोलून घेतात. म्हणजे जिवंत जनावराचंही वजन हा एक ठरलेला आकडा नसतोच. सात कोटी वर्षांपूर्वीच्या जनावराला दशांश चिन्हानंतरचे आकडे लावणाऱ्यांनी मामूंच्या दुकानात एकदा बसावं.

२९ नोव्हेंबर

आता इसिसॉरस. सांगाड्यात काय आहे त्याची यादी: मानेचे, पाठीचे, कमरेचे आणि शेपटीचे मणके, बरगड्या, खांदा, कंबरेची हाडं, पुढचा पाय. दंडाचं हाड १४८ सेंटिमीटर, म्हणजे अंबिकाच्या उंचीच्या आसपास. काय नाही: कवटी नाही. मागचे पाय नाहीत.

मागचे पाय नाहीत म्हणजे मांडीचं हाड नाही, म्हणजे सूत्रातला निम्मा भाग नाही. बकऱ्यावर शिकलेलं सगळं इथे लागूच होत नाही. नातलग डायनोसॉरांवरून मांडीच्या हाडाचा घेर कल्पता येईल, पण इसिसॉरसची ठेवणच वेगळी: पुढचे पाय लांब, मान नातलगांपेक्षा आखूड आणि वर उचललेली. नातलगांचं प्रमाण त्याला कितपत बसेल? पोरं हिरमुसली. मला उलट बरं वाटलं, कारण पाटीवर लिहिण्यासारखी ही पहिली खरी गोष्ट मिळाली.

७ डिसेंबर

बरं, दोन्ही हाडं मिळाली तरी वाद मिटतो का? नाही. अर्जेंटिनातला ड्रेडनॉटस. २०१४ मध्ये लॅकोवारा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. इतक्या मोठ्या प्राण्याचा एवढा भरलेला सांगाडा क्वचितच मिळतो. दंडाचं आणि मांडीचं हाड दोन्ही हजर. सूत्रानं वजन ५९.३ टन. आणि प्राण्याची वाढ अजून पुरी झाली नव्हती, असं हाडांवरून दिसत होतं.

पुढच्याच वर्षी बेट्स आणि सहकाऱ्यांनी त्याच सांगाड्याभोवती संगणकात शरीर उभं केलं. त्यांना मिळाले २८ ते ३८ टन. त्यांचं म्हणणं असं: ५९ टन गाठायचे तर या हाडांवर इतकं मांस चढवावं लागेल की आज कुठल्याच जिवंत जनावरावर तेवढं नसतं. पायाच्या हाडानं एक साक्ष दिली, बरगड्यांनी दुसरी.

दोघांपैकी एक गट खोटं बोलतोय, असा अर्थ पोरांनी लगेच काढला. तसं नाही. सूत्र म्हणतं, आजच्या जनावरांत एवढ्या जाड हाडावर सरासरी एवढं वजन असतं. एखादं जनावर सरासरीपेक्षा जाड हाडांचं असू शकतं. शिवाय आज जमिनीवरचं सर्वांत जड जनावर हत्ती. त्याच्या कितीतरी पट पुढे रेषा ओढत नेली की ती सरळच राहील याची हमी कोण देणार? २०२० मध्ये कॅम्पिओनी आणि इव्हान्स यांनी दोन्ही पद्धतींचे अंदाज शेजारी ठेवून तपासले, तेव्हा बहुतेक डायनोसॉरांच्या बाबतीत ते एकमेकांशी बऱ्यापैकी जुळले. ड्रेडनॉटससारखी भांडणं अपवादाची आहेत. हे नोंदवणं गरजेचं, नाहीतर पोरं "सगळं अंदाजपंचे" म्हणत फिरतील.

१४ डिसेंबर

काटा दुसरा: शरीराचं आकारमान. आपल्याला हाच वापरावा लागणार.

पद्धत जुनी आहे. १९०५ मध्ये ग्रेगरीनं ब्रॉन्टोसॉरसच्या छोट्या प्रतिकृतीवरून वजन काढलं. कोल्बर्टनं १९६२ मध्ये प्रतिकृती वाळूत पुरून किती वाळू हटते ते मोजलं. अलेक्झांडरनं ब्रिटिश संग्रहालयाच्या प्रतिकृती पाण्यात बुडवल्या. टेलरनं प्रतिकृतीच केली नाही. बाजूचं आणि वरून दिसणारं अशा दोन चित्रांचे काप पाडून आकारमान काढलं. सेलर्सच्या गटानं सांगाड्याच्या प्रत्येक भागाभोवती, आमच्या भाषेत सांगायचं तर, ताणून चादर गुंडाळली, तिच्या आतलं आकारमान मोजलं आणि त्यात २१ टक्के मिळवले. आजच्या मोठ्या सस्तन प्राण्यांवर तसं करून पाहिल्यावर तेवढीच भर घालावी लागली होती. मांसाचा अंदाज कलाकाराच्या हातातून काढून घेणं हा त्यातला हुशारीचा भाग.

मला टेलरची पद्धत जवळची. ते माझंच काम.

२१ डिसेंबर

मिलिमीटरच्या ग्राफवर बाजूचं चित्र उतरवलं. मोजमाप दंडाच्या हाडावर बांधलं: १४८ सेंटिमीटर, १:४० ला ३.७ सेंटिमीटर. शेपटीची लांबी बदलू शकते, कुणी मान वेगळी वळवेल. हाड मात्र मोजलेलं आहे. इथे २ मिलिमीटरची चूक म्हणजे आकारमानात साधारण १५ ते १७ टक्क्यांची चूक, कारण लांबी वाढली की रुंदी आणि उंचीही तितकीच वाढते. नक्षीत एक चौकट हुकली तर फूल वाकडं होतं एवढंच. इथे सुमारे अडीच टन गायब होतात.

बाजूचं चित्र सहज मिळतं. वरून दिसणारं चित्र मिळता मिळेना. आणि इथेच खरी गोम आहे: पोट किती रुंद? बरगड्या दगडात दबून सपाट झालेल्या असतात. त्या किती बाहेर फुगवायच्या हे चित्र काढणारा ठरवतो. उंची हाडांवरून येते, रुंदी बरीचशी मतावरून.

एकेक सेंटिमीटरचे उभे काप पाडले. प्रत्येक कापाची उंची बाजूच्या चित्रातून, रुंदी वरच्या चित्रातून, काप लंबगोल धरायचा. बेरीज ३०५ घन सेंटिमीटर. चाळीसचा घन ६४०००, म्हणून खरा प्राणी १९.५ घनमीटर. पाण्याच्या ०.८ पट घनता धरली तर १५.६ टन.

अंबिकानं लगेच हटकलं: गाईचं पोट कापून बघितलं तर लंबगोल कुठे दिसतं, ते कोपऱ्यांत भरलेलं असतं. बरोबर. कापाचे कोपरे जरा भरून घेतले, तर क्षेत्रफळ सात-आठ टक्के वाढतं आणि वजन १६.८ टनांवर जातं. एका आकाराच्या निवडीत सव्वा टन.

४ जानेवारी

दोन प्रतिकृती करायच्या ठरल्या, एकाच चित्रावरून. तार, थर्माकोल, वर तेलमाती, वर रंगाचा हात म्हणजे पाणी शिरणार नाही. शाडू पाण्यात टिकणार नाही म्हणून नको. एक अंबिका करणार, एक श्रीनिवास. अट: एकमेकांची बघायची नाही, आणि मी बोलायचं नाही.

१२ ते १६ जानेवारी

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. कुणी येणार नव्हतं, आलंही नाही. मीही नंदीध्वजांच्या मागेच होतो.

१९ जानेवारी

प्रतिकृती बादलीत. काठोकाठ पाणी, सांडलेलं पाणी परातीत, ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर.

अंबिकाचा इसिसॉरस: २४६ मिलिलिटर. श्रीनिवासचा: ३८८.

दोघांकडे चित्र तेच, दंडाचं हाड तेच ३.७ सेंटिमीटर. तिचा धावणाऱ्या जनावरासारखा, बरगड्यांवर जेमतेम मांस, मान सडसडीत. त्याचा पोट सुटलेला, मानेला वशिंडासारखा भराव, मांड्या अशा की बघत राहावं. मी दोघांना कारण विचारलं. ती म्हणाली, हाडांवरून जेवढं कळतं तेवढंच घातलं. तो म्हणाला, पाला खाणाऱ्याचं पोट मोठंच असणार, पाला पचायला जागा लागते. आमच्या दारातली म्हैस बघा. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत. आणि बर्लिनच्या सांगाड्याच्या ७८ आणि २३ मध्ये मुख्यतः हेच भांडण आहे. गुंगांचा लेसर हाडं अचूक मोजत होता, मांसाचा फुगवटा मात्र माणसानंच ठरवला.

मग एक प्रयोग सहज केला आणि तोच मला सगळ्यांत आवडला. अंबिकाच्या प्रतिकृतीची फक्त शेपटीची शेवटची ८ सेंटिमीटर बुडवली. पाणी सांडलं ४ मिलिलिटर. खऱ्या प्राण्यात ती ३.२ मीटर शेपूट, वजन जेमतेम २०० किलो. म्हणजे उद्या कुणी सिद्ध केलं की इसिसॉरसची शेपूट आखूड होती, तर लांबी १८ वरून १५ च्या खाली येईल आणि वजनाच्या रकान्यात कुणाला फरकही जाणवणार नाही. लांबीवरून वजन ठरवणाऱ्या याद्या इथेच फसतात. शेपटीचं टोक सांगाड्यात सहसा मिळतच नाही, त्यामुळे लांबीचा आकडा तर आणखी डळमळीत.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर बसलो. विषय घनता.

आकारमान मिळालं, त्याला कितीनं गुणायचं? कोल्बर्टनं पाण्याच्या ०.९ पट धरलं, अलेक्झांडरनं सरळ पाण्याइतकं. आता लांब मानेच्या डायनोसॉरांसाठी ०.८ च्या आसपास घेतात. कारण त्यांच्या मणक्यांत पोकळ्या आहेत, पक्ष्यांच्या हाडांसारख्याच. पक्ष्यांत फुप्फुसापासून हवेच्या पिशव्या निघून अंगभर, हाडांतही, पसरतात. तशाच पिशव्या या प्राण्यांत होत्या असं त्या पोकळ्यांवरून मानलं जातं. मान हलकी, पाय मात्र भरीव. एकच घनता सगळ्या अंगाला लावणं हीसुद्धा सोय म्हणून.

आकडे असे झाले. अंबिकाच्या प्रतिकृतीचं आकारमान १५.७ घनमीटर: ०.८ नं १२.६ टन, ०.९ नं १४.२, पाण्याइतकी घनता धरली तर १५.७. श्रीनिवासचं २४.८ घनमीटर: १९.९, २२.३, २४.८. एका टोकाला १२.६, दुसऱ्याला २४.८. हाडं एकाच टेकडीतली.

पाण्याइतकी घनता सोडून देऊ, हवेच्या पिशव्यांचा पुरावा हाडांत दिसतो. ०.९ वर थोडा वेळ अडलो, शेवटी ०.८ ठरलं. उरलं १२.६ ते १९.९. ग्राफवरचा माझा आकडा यांच्या मध्ये, आणि पुस्तकी १५ टनही आतच. मांसाबद्दल मात्र निवड करायला काही आधार नाही, म्हणून ती दरी बुजवायची नाही.

१ फेब्रुवारी

वाचनालयात बातमी पसरली. एक गृहस्थ येऊन म्हणाले, जगातला सगळ्यांत मोठा डायनोसॉर भारताचाच, तुम्ही हा लहान कशाला करताय?

ते म्हणत होते तो तमिळनाडूतला बृहत्कायोसॉरस. १९८० च्या दशकात यादगिरी आणि अय्यासामी यांनी वर्णन केलं. पायाचं एक हाड २ मीटर लांब. ते आधी मांसाहारी डायनोसॉरचं मानलं होतं, मग लांब मानेच्या गटात आलं. खडकाबाहेर आल्यावर हाडं पावसाळी हवेत भुगा झाली. हातात आता वर्णन, रेखाटनं आणि काही छायाचित्रं आहेत. त्यावरून २०२३ मध्ये पॉल आणि लारामेंडी यांनी ११० ते १७० टन असा अंदाज दिला. अमेरिकेतही असंच झालंय: १८७८ मध्ये कोप नावाच्या संशोधकानं वर्णन केलेला एकच राक्षसी मणका, पुढे हरवला. त्यावरून कार्पेंटरनं २००६ मध्ये ५८ मीटर लांबीचा प्राणी काढला आणि २०१८ मध्ये त्यानंच, नातलग वेगळे निघाले म्हणून, तो ३० मीटरच्या आसपास आणला. ज्यांची हाडं सगळ्यांत कमी, तेच सगळ्यांत मोठे, याचा मला संशय येतो. गृहस्थांना चहा दिला. त्यांचं समाधान झालं नाही.

त्यावरून टी-रेक्सवर घसरलो, कारण साहिलला तो टाळताच येत नाही. शिकागोतली स्यू आणि कॅनडातला स्कॉटी, दोन्ही टी-रेक्सचे सांगाडे. २०१९ मध्ये पर्सन्स आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या हाडाच्या घेरावरून स्कॉटीला ८.८७ टन दिले, त्याच पद्धतीनं स्यूला ८.४६. बातम्या आल्या: जगातला सर्वांत जड टी-रेक्स. फरक ५ टक्क्यांचा, सूत्राची चूक २५ टक्क्यांची. स्कॉटीचं हाड जाड आहे हे पक्कं, ते मोजलंय. स्कॉटी जड होता हे त्यापुढचं पाऊल, आणि ते तेवढं पक्कं नाही. शिवाय २०११ मध्ये हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी शरीर उभारून स्यूलाच कमीत कमी साडेनऊ टन दिले होते. साहिलनं हे वहीत लिहून घेतलं, नाराजीनंच.

१२ फेब्रुवारी

पाटीवरून खडाजंगी. सुनंदाताईंना एकच आकडा हवा. त्यांचं म्हणणं फेटाळता येत नाही: आठ वर्षांचं पोर पाटीपुढे फार वेळ उभं राहत नाही, "१२ ते २०" वाचून म्हणेल, यांनाच माहीत नाही. कुणीतरी सुचवलं, "चार हत्तींएवढा" लिहा. पण हत्ती तरी कुठला? आपला हत्ती तीन टनांचाही असतो, पाचाचाही. अनिश्चित आकड्याला अनिश्चित मापानं मोजून काय साधणार?

अंबिकानं मार्ग काढला. दोन्ही प्रतिकृती ठेवायच्या. बारीक आणि जाड, शेजारी शेजारी, आणि खाली एकच पाटी. मग १२ ते २० हा घोळ वाटत नाही, तो समोर दिसतो. सुनंदाताईंनी काचेच्या कपाटाची रुंदी मोजली आणि होकार दिला. श्रीनिवासची शेपूट काचेला टेकते, तेवढी वळवायची.

१९ फेब्रुवारी

पाटीचा मजकूर पक्का, रंगवायला दिला:

"इसिसॉरस कोल्बर्टी. डोंगरगाव, जि. चंद्रपूर. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा, पाला खाणारा.
मोजलेलं: दंडाचं हाड १४८ सेंटिमीटर.
सापडलेलं नाही: कवटी, मागचे पाय.
लांबीचा अंदाज: सुमारे १८ मीटर, शेपटीनुसार बदलू शकतो.
वजनाचा अंदाज: पुस्तकांत १५ टन. या दोन प्रतिकृतींवरून १२ ते २० टन. हाडं दोघांची एकच आहेत, मांस वेगळं आहे."

रंगारी म्हणाला, "सापडलेलं नाही हे कशाला लिहिता, जागा जाते." ते ठेवलं, त्यापायी अक्षर लहान करावं लागलं तरी चालेल.

२७ फेब्रुवारी

कपाट लागलं, पाटी लागली. तराजू, दोरा आणि बकऱ्याची दोन हाडं बाजूच्या टेबलावर, ज्याला घेर घ्यायचा त्यानं घ्यावा. बादली आत ठेवायला सुनंदाताईंनी साफ नकार दिला, ती व्हरांड्यात.

पुढचं काम साहिलकडे: गुजरातच्या रैयोलीचा राजासॉरस. लांबी एका ठिकाणी ६.६ मीटर, दुसरीकडे ११. कुठली हाडं मिळाली आणि कुठली नाहीत, ती यादी त्यानं आधी आणायची. आकडे नंतर बघू.